मुंगीच्या डोळ्याला डोळा भिडवताना

कुंडीतला कढीपत्ता, गच्चीचा कठडा, टेकडीवरचे गवत... किडामुंगीचे जवळून छायाचित्रण करण्याचा छंद शहरांत रुजू लागला आहे. या छंदामागचे प्रकाशाचे गणित, त्याला लागणारा संयम आणि त्यात दडलेला सचोटीचा प्रश्न यांचा हा वेध.

मलेशियातील सेलांगोर राज्याच्या जंगलात २०११ मध्ये हॉक पिंग ग्वेक या हौशी छायाचित्रकाराला एक हिरवा, नाजूक कीटक दिसला. आपल्याकडील शेतकरी ज्याला क्रायसोपा या नावाने मित्रकीटक म्हणून ओळखतात, त्याच कुळातला. पंख पारदर्शक, जाळीदार; मात्र पंखांच्या मुळाशी काळी नक्षी आणि तिच्यात निळसर ठिपके. ग्वेक यांनी त्याची जवळून काही छायाचित्रे घेतली. त्यानंतर तो कीटक उडून गेला. पुढे ती छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर झळकली आणि कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांची नजर योगायोगानेच त्यांच्यावर पडली. आयुष्य या कुळाच्या अभ्यासात घालवलेल्या विंटरटन यांनाही ही नक्षी अनोळखी होती. त्यांनी ग्वेक यांच्याकडे कीटकाचा नमुना आहे का, अशी विचारणा केली. उत्तर नकारार्थी आले. केवळ छायाचित्रावरून नवी जात जाहीर करणे शक्य नव्हते.

त्यानंतर ग्वेक त्याच परिसरात पुन्हा गेले. तोच कीटक त्यांना पुन्हा सापडला. तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील स्टीव्ह ब्रुक्स यांच्याकडे रवाना झाला आणि ही जात विज्ञानाला अज्ञात असल्याचे निश्चित झाले. २०१२ मध्ये 'झूकीज' या शोधपत्रिकेत तिचे नामकरण झाले- 'सेमाक्रायसा जेड'. जेड हे विंटरटन यांच्या कन्येचे नाव. शोधनिबंधाच्या तीन लेखकांमध्ये दोन शास्त्रज्ञांच्या बरोबरीने छायाचित्रकार ग्वेक यांचेही नाव आहे.

कीटकांच्या छायाचित्रणाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एका घटनेत सामावल्या आहेत. छायाचित्राने नव्या जातीची चाहूल दिली, पण शेवटचा शब्द त्याचा नव्हता. आणि ती चाहूल तरी लागली, कारण पंखांवरची नक्षी त्यात स्वच्छ उमटली होती व जिवंत कीटक जसा होता तसाच टिपला गेला होता. हे दोन्ही साधणे वाटते तितके सोपे नाही.

जवळ जाण्याचे गणित

सूक्ष्म कीटकांचे चित्र काढण्याची ओढ जुनीच आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या पिसवेचे चित्र आहे. घडी उलगडून पाहावे लागणारे ते भलेमोठे चित्र पाहून तेव्हाचे वाचक थक्क झाले होते. हूक यांनी जे हाताने रेखाटले, ते आज कॅमेरा करतो. मात्र हूक यांना ज्या भिंगाच्या नियमांशी झगडावे लागले, ते नियम काही बदललेले नाहीत.

छायाचित्रणाच्या परिभाषेत 'मॅक्रो' या शब्दाला नेमका अर्थ आहे. एक सेंटिमीटर लांबीच्या कीटकाची प्रतिमा कॅमेऱ्यातील सेन्सरवर एक सेंटिमीटर लांबीचीच उमटली, तर ते 'एकास एक' प्रमाण झाले. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे एकास एक प्रमाणात पाच मिलिमीटरची मुंगी चौकटीचा साधारण सातवा भाग व्यापते. तिचा चेहराच हवा असेल तर याच्याही पुढे, तीनपट, पाचपट मोठेपणाकडे जावे लागते.

खरी अडचण येथे सुरू होते. जसजसे जवळ जावे, तसतसा चित्रातील स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होत जातो. यालाच 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. डोंगररांगांच्या छायाचित्रात समोरच्या झाडापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येऊ शकते. एकास एक प्रमाणात मात्र भिंगाचे छिद्र म्हणजेच अॅपर्चर एफ-८ वर ठेवले, तर हा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा उरतो. पाचपट मोठेपणा आणि एफ-२.८ अशी जोडी असेल, तर तो सुमारे ०.०४ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी होतो. मुंगीच्या डोळ्यावर फोकस साधला तर तिची मिशी धूसर होते आणि मिशी साधली तर डोळा हातचा जातो.

यावर अॅपर्चर लहान करावे, हा पहिला उपाय सुचतो. त्याने पट्टा थोडा रुंदावतोही. तथापि, छिद्र फारच लहान झाले, की त्याच्या कडांवरून प्रकाश वळून पसरतो आणि संपूर्ण चित्राचीच धार बोथट होते. त्यामुळे फार जवळून काम करताना छिद्र मनमानी लहान करता येत नाही. अनुभवी छायाचित्रकार दुसरी युक्ती वापरतात. कीटकाच्या शरीराचा जो भाग दाखवायचा, तो सेन्सरला समांतर ठेवतात. पंख मिटून बसलेले फुलपाखरू अगदी बाजूने टिपले, तर तो अरुंद पट्टाही पंखभर पुरतो. कोन थोडा चुकला, की पंखाचे टोक धुक्यात जाते.

संगणकाने यात आणखी एक मार्ग दिला आहे. फोकस किंचित पुढे सरकवत एकापाठोपाठ अनेक छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येकातील फक्त स्पष्ट भाग जोडून एक चित्र तयार करायचे, ही 'फोकस स्टॅकिंग'ची पद्धत होय. स्पष्टतेचा पट्टा अर्ध्या मिलिमीटरचा असेल आणि मुंगी पाच मिलिमीटर खोल असेल, तर किमान दहा आणि एकमेकांवर थोडी चढलेली हवीत म्हणून पंधरा-वीस छायाचित्रे लागतात. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातील कीटकांची चित्रे याच तत्त्वावर केली. २०१६ मध्ये 'मायक्रोस्कल्प्चर' या नावाने प्रदर्शित झालेल्या त्या मालिकेतील एकेका चित्रासाठी सुमारे आठ हजार छायाचित्रे जोडली आहेत. अर्थात, ते कीटक संग्रहालयातील मृत नमुने होते. जिवंत मुंगी वीस छायाचित्रांपुरतीही स्वस्थ बसेल, याची हमी कोण देणार?

प्रकाशाची ओढाताण

जवळ जाण्याची दुसरी किंमत प्रकाशात मोजावी लागते. भिंग सेन्सरपासून जितके दूर सरकते, तितका सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश पसरतो आणि मंदावतो. एकास एक प्रमाणात तो एक चतुर्थांश उरतो, तर पाचपट मोठेपणात अवघा छत्तिसावा भाग. त्यात हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होऊन चित्रात उतरतो. पावसाळ्यातील ढगाळ सकाळी झाडाखाली बसलेल्या कोळ्यासाठी नैसर्गिक प्रकाश पुरत नाही, तो यामुळेच.

म्हणून बहुतेक छायाचित्रकार फ्लॅशचा आधार घेतात. कमी शक्तीवर चालणाऱ्या फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका अल्पकाळ टिकतो. एवढ्या वेळात हाताचा कंप आणि वाऱ्याने डोलणारे पान दोन्ही जणू गोठतात. परंतु उघड्या फ्लॅशचा प्रकाश कठोर असतो. भुंग्यांचे कवच आरशासारखे गुळगुळीत असल्याने त्यावर पांढरा, जळका डाग पडतो आणि त्याखालचे रंग व खाचखळगे नाहीसे होतात. हिरवट-सोनेरी झळाळीच्या ज्वेल बीटलच्या बाबतीत तर हे फारच खटकते. त्याचा रंग रंगद्रव्याचा नसतो. कवचातील अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या मिलाफातून तो निर्माण होतो. प्रकाश कोणत्या दिशेने आणि कसा पडतो, यावरच त्याचे खरे रूप दिसणे अवलंबून असते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर, पांढरे प्लॅस्टिक किंवा पातळ थर्माकोल लावून प्रकाश पसरवला, की तो मवाळ होतो. प्रकाशाचा हा पडदा कीटकाच्या तुलनेत जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावली सौम्य. पाच मिलिमीटरच्या मुंगीला वहीच्या पानाएवढा कागदही आभाळाएवढा असतो. महागड्या कॅमेऱ्याला घरी कापून चिकटवलेला पुठ्ठा आणि कागद लटकलेला दिसतो, तो या कारणामुळे.

भिंगाच्या बाबतीतही खिशाप्रमाणे पर्याय आहेत. खास मॅक्रो लेन्स सर्वांत सोयीची, पण महाग. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने कीटकापासून काहीसे अंतर राखता येते, त्यामुळे बुजऱ्या चतुरांसाठी ती उपयोगी पडते. साध्या लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब ही पोकळ नळी बसवली, तरी काम भागते. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे ५० मिलिमीटरची नळी लावल्यास एकास एक प्रमाण मिळते. त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे जुनी लेन्स रिव्हर्स रिंगच्या साह्याने उलटी बसवणे. ५० मिलिमीटरची लेन्स उलटी केली तर जवळपास एकास एक, तर २८ मिलिमीटरची उलटी केली तर दुपटीहून अधिक मोठेपणा मिळतो. मोबाइलवर चिमट्याने लावायची छोटी भिंगेही मिळतात. मोबाइलचा सेन्सर इवलासा असल्याने त्यात स्पष्टतेचा पट्टा तुलनेने रुंद मिळतो, हा नवख्यांसाठी मोठाच फायदा. मात्र सर्व साधनांचा एक समान शत्रू आहे, तो म्हणजे मुंबई-कोकणातील दमट हवा. पावसाळ्यात कीटक भरपूर आणि भिंगावर बुरशी धरण्याची भीतीही तेव्हाच. फिरून आल्यावर लेन्स कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे, ही सवय लावून घ्यावी लागते.

पहाटेचा प्रहर

साधने जमली तरी कीटक समोर थांबला पाहिजे. येथे कॅमेऱ्यापेक्षा कीटकाच्या स्वभावाची ओळख अधिक कामी येते. कीटक स्वतःच्या शरीराचे तापमान आपल्यासारखे कायम राखू शकत नाहीत. रात्रभर गारठलेला चतुर किंवा फुलपाखरू ऊन अंगावर येईपर्यंत सुस्त असते. सूर्योदयाच्या आसपासचा तास-दीड तास हा म्हणूनच या छायाचित्रणाचा सुवर्णकाळ. पंखांवर दव असते, वारा पडलेला असतो आणि कीटक झोपेत असतो. फोकस स्टॅकिंगसाठी हवी असलेली स्तब्धता याच वेळी लाभते. दिवस वर आल्यावर तोच चतुर चार हातांवरून उडून जातो.

जवळ जाण्याचीही रीत आहे. कीटक आकारापेक्षा हालचालीला अधिक बिचकतात. अंगावर अचानक सावली पडली, तर बहुतेक जण पसार होतात. त्यामुळे सावली मागे राहील अशा बाजूने, गुडघ्यांवर किंवा पोटावर सरपटत, मध्येच थांबत पुढे सरकावे लागते. गवताचे पान हलले तर कीटकाचे जगच हलते. टाचणी, म्हणजे चतुराचा सडपातळ भाईबंद, आपल्याला पाहून काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकते. घाई करणारा काडीभोवती फेऱ्या मारत राहतो. अनुभवी माणूस जागचा हलत नाही. थोड्या वेळाने तीच पुन्हा अलीकडे येते.

आपल्याकडे पहिला पाऊस स्थिरावल्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सर्वांत समृद्ध. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरेचा परिसर, ठाण्यात ओवळेकरवाडीची फुलपाखरू बाग, पुण्यात वेताळ टेकडी आणि तळजाई अशा ठिकाणी पहाटे जमिनीवर आडवे झालेले छायाचित्रकार दिसतात, ते याच दिवसांत. राष्ट्रीय उद्यानात ठरवून दिलेल्या वेळा आणि परवानगीचे नियम पाळावे लागतात. शिवाय, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचींत काही फुलपाखरांचाही समावेश आहे. त्यांना पकडणे वा बाळगणे हा गुन्हा ठरतो. छायाचित्र घेण्यास मात्र कीटकाला हात लावण्याची गरजच नसते.

दिसते तसे नसते

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर चित्र मोठे करून पाहिल्यावर मिळते. चतुराचा डोळा नुसत्या नजरेला चकाकणाऱ्या मण्यासारखा भासतो. जवळून पाहिल्यावर त्यात षटकोनी घरांची शिस्तबद्ध मांडणी दिसते. प्रत्येक घर म्हणजे एक स्वतंत्र नेत्रिका. काही जातींत एका डोळ्यात अशा तीस हजारांपर्यंत नेत्रिका असतात.

प्रार्थना कीटक, म्हणजेच मॅन्टिसच्या छायाचित्रात आणखी एक गंमत आढळते. त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो आणि कोणत्याही बाजूने पाहिले तरी तो आपल्याकडेच पाहत असल्याचा भास होतो. वस्तुतः ते बुबुळ नव्हेच. ज्या नेत्रिकांचे तोंड नेमके आपल्या दिशेला असते, त्या आत शिरलेला प्रकाश शोषून घेतात आणि आपल्याला काळ्या दिसतात. आजूबाजूच्या नेत्रिका प्रकाश परतवतात. आपण सरकलो, की ठिपकाही सरकतो. मॅन्टिसची 'रोखलेली नजर' ही अशी आपल्याच जागेवर ठरते.

त्याहून मोठी फसगत आंब्याच्या झाडावर होते. पाने शिवून घरटे बांधणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्या अनेकांनी पाहिल्या असतील. चावा घेतल्याचेही आठवत असेल. त्यांच्या आसपास कधी कधी एक मुंगी जरा वेगळी चालते. तिचे जवळून छायाचित्र घेतले, की आठ पाय मोजता येतात. पुढचे दोन पाय हवेत धरून ती ते मिशांसारखे हलवत असते. तिचे डोळेही जाळीदार नसतात. चेहऱ्यावर समोर दोन मोठे, गोल, काचेसारखे डोळे आणि इतर लहान डोळे असतात. ती मुंगी नव्हेच, मुंगीचे सोंग घेतलेला उड्या मारणारा कोळी आहे. मुंग्यांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, याचा लाभ तो उठवतो. कोळी कीटकवर्गात मोडत नाहीत, हे शाळेत शिकलेले वाक्य येथे प्रत्यक्ष चित्रात सिद्ध होते.

इंग्रजीतील 'बग' हा शब्दही असाच सैल वापरला जातो. काटेकोर अर्थाने ढेकणाच्या गणातील कीटकांनाच 'बग' म्हणतात. त्यांचे तोंड सुईसारखे, रस शोषणारे असते. भुंग्यांना चावणारे जबडे असतात. वरून पाहिल्यास दोघांत अनेकदा गल्लत होते. बाजूने घेतलेल्या एका स्वच्छ छायाचित्रात पोटाखाली दुमडलेली ती सुई दिसली, की वाद मिटतो.

फ्रिजमधला कीटक

चित्र जितके आकर्षक, तितका ते मिळवण्याचा मोह मोठा, आणि या मोहातून काही आडवाटा निघाल्या आहेत. कीटक स्वस्थ बसत नाही म्हणून त्याला डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचे, गारठून मंद झाला की पानावर मांडायचे आणि शुद्धीवर येण्याआधी छायाचित्र घ्यायचे, ही त्यातली सर्वपरिचित वाट. काही जण गोंदाचा वापर करतात, तर काही जण मेलेला कीटक जिवंत असल्यासारखा बसवतात. मध्यंतरी इंडोनेशियातील 'भुंग्यावर स्वार झालेला बेडूक' अशा प्रकारची चित्रे जगभर गाजली. ती निसर्गात सहज घडलेली नसून जुळवून आणलेली असावीत, असा आक्षेप जाणकारांनी घेतला.

प्रश्न केवळ दयेचा नाही. गारठवलेल्या कीटकाचे चित्र त्याच्या वागणुकीविषयी खोटे सांगते. तो कोणत्या झाडावर होता, कोणत्या वेळी, काय करत होता, या माहितीला मग काही अर्थ उरत नाही. शिकार आणि शिकारी शेजारी मांडलेले चित्र पाहून कोणी त्यांचा संबंध खरा मानला, तर ती चूक पुढे पुस्तकांपर्यंत जाऊ शकते. संग्रहालयातील मृत नमुन्यांची चित्रे तशी आहेत असे सांगूनच दाखवली जातात, त्यामुळे त्यांत फसवणूक नाही. आक्षेप आहे तो न सांगण्याला.

त्रास देण्याचे प्रकार याहून सौम्यही असतात आणि ते नकळत घडतात. रात्री पतंगांसाठी पांढऱ्या कापडावर दिवा लावला जातो. छायाचित्रे झाल्यावर दिवा वेळेत मालवला नाही, तर पतंग तेथेच घिरट्या घालून थकतात आणि पाली व पहाटेच्या पक्ष्यांचे आयतेच भक्ष्य होतात. आड येणारी काडी मोडण्याऐवजी बाजूला वाकवून धरणे, उलटवलेला दगड पुन्हा जागेवर ठेवणे, अंड्यांच्या पानाला हात न लावणे, या साध्या गोष्टींत या छंदाची सभ्यता आहे.

पुरावा किती, अंदाज किती

कीटकांच्या सुमारे दहा लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत आणि नाव न मिळालेल्यांची संख्या याच्या कैक पट असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. शहरेही त्याला अपवाद नाहीत. ठाणे परिसरात आढळलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका जातीचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात अजमल कसाबला पकडताना प्राणार्पण केलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला 'आयसियस तुकारामी' हे नाव देण्यात आले. लाखो माणसांच्या गर्दीत, काही मिलिमीटरचा हा रहिवासी तोवर नावावाचून राहत होता.

मात्र अशी नवी जात ठरवताना छायाचित्र पुरत नाही. कोळ्यांच्या अनेक जाती बाहेरून जुळ्यासारख्या दिसतात. त्यांच्यातील भेद प्रजनन अवयवांच्या रचनेत असतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच उलगडतो. म्हणूनच संग्रहालयात जपून ठेवलेल्या नमुन्याला पर्याय नाही. 'सेमाक्रायसा जेड'च्या वेळी लंडनच्या संग्रहालयाचा आधार घ्यावा लागला, तो उगाच नव्हे. एखाद्या छायाचित्रावरून छातीठोकपणे जातीचे नाव सांगणाऱ्यापेक्षा 'या कुळातील असावा' असे म्हणणारा अभ्यासक अधिक विश्वासार्ह मानावा.

मग हौशी छायाचित्रकाराच्या हजारो चित्रांचे मोल काय? ते तारीख आणि ठिकाण यांत आहे. जर्मनीतील क्रेफेल्ड शहराच्या कीटक अभ्यासक मंडळाने, ज्यात बहुतांश सदस्य हौशी होते, १९८९ पासून संरक्षित क्षेत्रांत एकाच पद्धतीने सापळे लावून कीटकांचे वजन नोंदवले. २०१७ मध्ये त्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे उघड झाले. जगभर खळबळ माजवणारा हा निष्कर्ष चिकाटीने ठेवलेल्या नोंदींतून आला. छायाचित्रे सापळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु कोणते फुलपाखरू कोणत्या महिन्यात, कोणत्या टेकडीवर दिसले, याची चित्रासह नोंद हीही एक साक्षच असते. २००८ मध्ये सुरू झालेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट यांसारख्या संकेतस्थळांवर अशा नोंदी जमा होतात आणि जाणकार त्यांची ओळख तपासतात. उद्या त्या टेकडीवर रस्ता आला, तर काल तेथे काय होते, हे सांगणारा कागद त्यातूनच मिळतो. पण त्यासाठी चित्र खरे हवे. फ्रिजमधून काढून दुसऱ्याच झाडावर बसवलेल्या कीटकाची साक्ष कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही.

कुंडीतले अभयारण्य

या छंदासाठी जंगलच गाठले पाहिजे, असे मुळीच नाही. बाल्कनीतील कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी पुरेशी आहे. या झाडांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे अंडी घालतात. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. तपकिरी, त्यावर पांढरट डाग. या सोंगामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. चार वेळा कात टाकल्यानंतर ती एकदम हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. एरवी घरातून 'पाने खाल्ली' म्हणून तिची रवानगी कचऱ्यात होते. कॅमेरा घेऊन तिच्यापुढे बसणाऱ्याला मात्र रोज नवे चित्र मिळते.

येथेच ही अळी छायाचित्रकाराची परीक्षाही घेते. तिला धोका जाणवला, की डोक्याच्या मागून एक लालसर, दुभंगलेला, ओला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. शत्रूला पळवण्याचा तो तिचा उपाय. चित्रात हे शिंग फार देखणे दिसते आणि त्यासाठी काही जण अळीला काडीने डिवचतात. वस्तुतः ते शिंग म्हणजे अळीने दिलेला इशारा होय. तो मिळाला, की समंजस छायाचित्रकार भिंग मागे घेतो. काही वेळाने शिंग आत जाते, अळी पुन्हा पान कुरतडू लागते. त्या क्षणी, तिच्या नेहमीच्या दिनक्रमात घेतलेले चित्र कदाचित तितके चमकदार नसेल. पण त्यात दिसणारी अळी खरी असते.

चौकट : ओळख पटावी यासाठी

- फुलपाखरू : पंखांची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू टिपाव्यात. अनेक जाती खालच्या बाजूवरूनच ओळखता येतात.
- मुंगी : बाजूने घेतलेले चित्र सर्वांत उपयोगी. छाती आणि पोट यांना जोडणारी गाठ व जबडे स्पष्ट यावेत.
- कोळी : वरून एक आणि चेहऱ्यासमोरून एक चित्र घ्यावे. डोळ्यांच्या मांडणीवरून कुळ ठरते. जाळे असल्यास त्याचेही वेगळे चित्र घ्यावे.
- भुंगा वा ढेकूण गणातील कीटक : वरून आणि बाजूने. तोंडाचा भाग दिसेल असा कोन शोधावा.
- झाड : कीटक ज्या झाडावर होता, त्याचे पान व फूल टिपावे. अळ्यांच्या ओळखीत याचा सर्वाधिक उपयोग होतो.
- नोंद : तारीख, वेळ, ठिकाण आणि कीटकाची अंदाजे लांबी त्याच दिवशी लिहून ठेवावी. चित्र मोठे केल्यावर कीटक प्रत्यक्षात केवढा होता, हे विसरायला होते.